४५ अंश उन्हात कोरोना टिकतो का?

प्रश्न (भुसावळ): उन्हात विषाणू मरत असेल, तर मे महिन्यात घराघरात लागण कशी होते?

उत्तर १: ऊन अंगणात, माणसं कूलरपुढे! लक्षणांच्या साधारण २ दिवस आधीपासूनच बोलताना-खोकताना बारीक कण उडतात, बंद खोलीत तरंगत राहतात. कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढणारा असावा आणि समोरची खिडकी उघडी. आत ठेवलेला कूलर तीच हवा फिरवतो.

उत्तर २: लागण झाली की विषाणूवरचा काटा (स्पाइक प्रथिन) पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला चिकटून आत शिरतो. फुप्फुसातले वायुकोश सुजून पाणी भरलं की प्राणवायू घटतो, कधीकधी दम न लागताही. ऑक्सिमीटर (रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र) लावताना बोटावर मेंदी-नेलपॉलिश नको, आकडा चुकतो. आकडा ९४ टक्क्यांच्या खालीच राहिला तर दवाखाना गाठा.

उत्तर ३: स्टिरॉइड (सूज कमी करणारं औषध) मनाने नको. प्राणवायू लागणाऱ्यांनाच डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, दिवसाला ६ मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत.