व्हीसॅटवर व्हिडिओ मीटिंग, बोलण्यात बोलणं होतंय

आमच्या प्रोजेक्टमधे दोन ग्रुप फायबरवर आहेत पण फील्ड स्टेशन एकदम आडबाजूला, तिथे फक्त व्हीसॅट (छोट्या डिशने सॅटेलाइटवरून नेट). कॉल लागतो, चित्रपण बरं दिसतं, पण सगळे एकमेकांना तोडत बोलतात. बँडविड्थ वाढवून फरक पडेल का?

> नाही पडणार. जिओ (भूस्थिर, आकाशात एकाच जागी दिसणारा) सॅटेलाइट ३५,७८६ किमीवर, सिग्नल वर जाऊन खाली यायलाच साधारण पाव सेकंद, म्हणजे तुम्ही विचारून उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद गेलाच, त्यात कोडेकचा (आवाज-चित्र दाबून पाठवणं आणि परत उलगडणं) वेळ वेगळा. प्रकाशाचा वेग पैसे भरून वाढत नाही :) लिओ (पृथ्वीच्या जवळून फिरणारे सॅटेलाइट) मिळत असेल तर बघा, ते पाचेकशे ते बाराशे किमीवर असतात.

> कॉन्फरन्स सर्व्हर फायबरवाल्या बाजूला ठेवा, मग स्टेशनवरून एकच स्ट्रीम वर जाते. आणि आवाजाला प्रायॉरिटी द्या, चित्र अडकलं तर चालतं, आवाज तुटला की मीटिंग संपली. केयू बँड (सॅटेलाइट लिंकची एक फ्रिक्वेन्सी, पावसात कमजोर पडते) असेल तर धो धो पावसात लिंक बसणारच, स्लाइड्स आधीच पाठवून ठेवा.

थँक्स. पुढे अजून एक ग्रुप व्हीसॅटवरच येतोय, ते चालेल ना?

> दोन्ही व्हीसॅट हबमार्गे (मधलं मुख्य ग्राउंड स्टेशन) बोलले तर डबल हॉप, म्हणजे सिग्नल दोनदा वर-खाली, उशीर दुप्पट. मेश लिंक (हब टाळून एका व्हीसॅटवरून थेट दुसऱ्याला) मिळते का विचारा, नाहीतर सरळ हात वर करून बोलायची सवय लावा.