डाली जहाज आणि बाल्टिमोरचा पूल: चार मिनिटं हातात असूनही टक्कर का टळली नाही?

निळीशाई (प्रश्न)

माझा धाकटा भाऊ कंटेनर जहाजावर ट्रेनी इंजिनिअर आहे, म्हणून हा विषय आमच्या घरात अजून निघतो. २६ मार्च २०२४ ला पहाटे दीडच्या सुमारास बाल्टिमोरमध्ये 'डाली' हे जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं, तो व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. जहाजाचे दिवे जातात, येतात, पुन्हा जातात, काळा धूर निघतो आणि मग काही सेकंदांत अख्खा पूल पाण्यात. पुलावर खड्डे बुजवायचं काम चालू होतं, त्यातले सहा कामगार गेले.

जहाजावर २१ खलाशी होते आणि त्यातले २० भारतीय. त्यामुळे आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तेव्हा लगेच "आपल्याच पोरांनी हलगर्जीपणा केला" असं सुरू झालं. मला ते फार लागलं. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या तपास मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, निष्कर्ष दिला की मूळ कारण एक सैल तार. आता तेच लोक म्हणतात, "बघा, एक तारसुद्धा धड तपासली नाही."

मला नीट समजून घ्यायचंय. पहिल्यांदा वीज गेली तिथपासून टक्करीपर्यंत चार मिनिटं होती. तेवढ्या वेळात जहाज थांबवता किंवा वळवता का आलं नाही? इमर्जन्सी जनरेटर असतो ना? आणि एका तारेने एवढं मोठं जहाज बंद कसं पडतं? भावाला विचारलं की तो फोनवर तुटक तुटक सांगतो, आणि मध्येच रेंज जाते.

वाटाड्या

माझ्या मते टग (मोठं जहाज ओढायच्या-ढकलायच्या छोट्या बोटी) सोडले तिथेच घोळ झाला. धक्क्यावरून काढायला दोन टग होते, पण चॅनलमध्ये (मोठ्या जहाजांच्या खोल वाटेत) आल्यावर त्यांना परत पाठवलं. पुलाखालून जाईपर्यंत एक टग जरी सोबत असता तरी जहाज सरळ धरता आलं असतं. पायलटने (बंदरातून जहाज बाहेर काढून देणाऱ्या स्थानिक जाणकाराने) नंतर टग बोलावले, पण ते पोचेपर्यंत सगळं संपलेलं. बाकी जाणकार सांगतीलच.

जुना चीफ

ताई, मी आयुष्यभर इंजिन रूममध्ये काम केलं, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. भर समुद्रात ब्लॅकआउट झाला, म्हणजे जहाजाची वीज गेली, की अंगावर काटा येतो, आणि तिथे तर आजूबाजूला मैलोन्‌मैल मोकळं पाणी असतं. या मुलांना तो चिंचोळ्या चॅनलमध्ये, पूल समोर असताना झाला. ग्रुपवर काय चाललंय ते वाचून वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तारेचं. या जहाजावर जनरेटर ६,६०० व्होल्टची वीज तयार करतात. ती ट्रान्सफॉर्मरमधून ४४० व्होल्टवर उतरते, आणि पंप, स्टिअरिंग, दिवे, रडार हे सगळं त्या ४४० वर चालतं. दोन्हींच्या मध्ये ब्रेकर असतात. त्यातल्या एका ब्रेकरला "व्होल्टेज आहे" हा संदेश सतत मिळत राहावा लागतो. संदेश तुटला की ब्रेकर स्वतःहून उघडतो, त्याची रचनाच तशी असते. तो संदेश नेणारी बारीक तार टर्मिनलमध्ये, म्हणजे तार जोडायच्या खाचेत, पूर्ण आत गेलीच नव्हती. तारेवर नंबराची जी पट्टी चढवतात ती चुकीच्या जागी बसलेली, त्यामुळे तारेचं टोक आतल्या स्प्रिंगच्या पकडीत नीट बसलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला पट्टी दिसते, तार जागेवर दिसते, सगळं व्यवस्थित वाटतं. जहाज २०१५ सालचं. अशा जहाजावर तारांची जोडणी हजारोंनी असते, ताई. त्यातली एक अर्धवट बसलीय हे डोळ्यांनी ओळखणं किती कठीण आहे ते त्या पॅनेलसमोर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. आदल्या दिवशी, निघण्याच्या दहाएक तास आधी, जहाज धक्क्याला असताना दोनदा वीज गेली होती. पहिल्यांदा गेली ती एका खलाशाने काम करताना एक्झॉस्टचा डॅम्पर (इंजिनच्या धुराच्या वाटेवरची झडप) चुकून बंद केला म्हणून. त्याचा या तारेशी संबंध नाही. पण त्यानंतर त्यांनी खबरदारी म्हणून दुसऱ्या बाजूचे ब्रेकर आणि ट्रान्सफॉर्मर वापरात घेतले, आणि सैल तार नेमकी त्या बाजूला होती.

आता चार मिनिटांचा हिशेब. १ वाजून २५ मिनिटांच्या आसपास ब्रेकर उघडला तेव्हा जहाज नऊ नॉटच्या (ताशी सतराएक किलोमीटरच्या) आसपास चाललं होतं आणि पूल जेमतेम एक किलोमीटरवर होता. ४४० ची वीज गेल्याबरोबर मुख्य इंजिनला पाणी पुरवणारे पंप थांबले, आणि इंजिनने स्वतःला वाचवायला स्वतःला बंद केलं. असं मोठं संथगती इंजिन पुन्हा चालू करायचं तर पंप सगळे फिरायला हवेत, दाब यायला हवेत, मग दाबाच्या हवेने ते फिरवायचं. ते काम मिनिटभरात होत नाही. इंजिन रूमच्या लोकांनी ब्रेकर हाताने बंद करून ५८ सेकंदांत वीज परत आणली. मध्यरात्री, अंधारात, अलार्म कोकलत असताना ५८ सेकंद! नातेवाइकांना एवढं तरी जरूर सांगा.

इमर्जन्सी जनरेटर असतो, पण त्याच्यावर दिवे, रेडिओ आणि स्टिअरिंगचा एक पंप एवढंच चालतं. मुख्य इंजिन त्याच्यावर चालत नाही. आणि सुकाणूला जोर येतो तो प्रोपेलरने मागे फेकलेल्या पाण्यामुळे. प्रोपेलर थांबला की सुकाणू पूर्ण डावीकडे फिरवलं तरी जहाज ढिम्म ऐकत नाही. पायलटने तेही केलं, डावीकडचा नांगरही टाकायला लावला. पण लाखाहून अधिक टनांचं, जवळजवळ तीनशे मीटर लांबीचं धूड त्या वेगात असताना नांगराने जागच्या जागी थांबत नाही, तो तळ ओरबाडत मागून येतो. पुढच्या टोकाचा थ्रस्टर (जहाज आडवं ढकलणारा छोटा पंखा) चार-पाच नॉटच्या वर उपयोगाचा नसतो. वाटाड्या, तुमचा टगचा मुद्दा रास्त आहे, मात्र त्यांना सोडणं ही तिथली नेहमीची पद्धत होती, त्या रात्री कोणी वेगळं काही केलं नव्हतं.

मला खरा राग आहे तो पंपावर. जनरेटरना डिझेल पुरवायला जे पंप बसवलेले असतात त्यांना जोडीदार असतो, एक थांबला की दुसरा आपोआप सुरू होतो. डालीवर मात्र त्यांच्याऐवजी फ्लशिंग पंप वापरात होता. तो असतो इंधनाच्या लाइन धुवायला. त्याला जोडीदार नाही, आणि वीज जाऊन आली तरी तो आपला आपण चालू होत नाही, कोणीतरी जाऊन चालू करावा लागतो. पहिल्या ब्लॅकआउटमध्ये तो थांबला तो थांबलाच. वीज परत आली, सगळ्यांनी श्वास सोडला असेल, आणि तिकडे जनरेटर उरलंसुरलं इंधन पीत होते. थोड्याच वेळात दाब गेला आणि दुसऱ्यांदा अंधार झाला. व्हिडिओत दिवे दुसऱ्यांदा जातात ते यामुळे.

तार कोणाच्या नजरेतून सुटू शकते. पण हा पंप वापरणं ही रोजची पद्धत होऊन बसली होती, आणि ती रुळू देण्याची जबाबदारी कार्यालयात बसून जहाज चालवणाऱ्यांची आहे. त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका जहाजावरही तीच पद्धत सापडली. त्यामुळे "सैल तार" एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं तर फार चुकीचं होईल.

कमानगडी

चीफसाहेबांनी जहाजाची बाजू सांगितली. मी पुलांचं डिझाइन करतो, तेव्हा पुलाकडून दोन शब्द.

हा पूल १९७७ चा. मधला गाळा (दोन खांबांमधलं अंतर) १,२०० फूट, म्हणजे ३६६ मीटर, आणि पोलादी सांगाडा सलग. सलग असल्याने पोलाद वाचतं, पण एका खांबाचा आधार गेला की भार घ्यायला दुसरा मार्ग उरत नाही. त्यामुळे तो कोसळला यात मला नवल वाटलं नाही. टक्कर झाली तेव्हा वेग ताशी जेमतेम बारा किलोमीटर होता. ऐकायला किरकोळ वाटतो. पण मी सहज आकडेमोड केली तर ती ऊर्जा ताशी शंभराने धावणारे चाळीस-चाळीस टनांचे पस्तीसएक ट्रक एकदम एकाच जागी आदळावेत एवढी येते. एवढा धक्का सोसेल असा खांब कोणी बांधत नाही. जहाज खांबापर्यंत पोचूच नये अशी व्यवस्था करायची असते: खांबाच्या बरंच अलीकडे पाण्यात रोवलेले मोठे दगड-काँक्रीटचे बुरूज, किंवा खांबाभोवती भराव घालून केलेलं बेट.

आणि हे शहाणपण जुनं आहे. ९ मे १९८० ला फ्लोरिडात टॅम्पा बेवरच्या सनशाइन स्कायवे पुलाला 'समिट व्हेंचर' जहाज धडकलं, ३५ माणसं गेली. त्याच वर्षी याच की पुलाला 'ब्लू नागोया' नावाचं जहाज थडकलं होतं, तेही ताबा सुटूनच! ते डालीच्या मानाने अगदीच लहान होतं, म्हणून किरकोळ नुकसानीवर निभावलं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने जहाजाच्या टक्करीचा धोका कसा मोजायचा याची पद्धत छापून दिली. नव्या पुलांना ती लागू झाली. जुन्यांना करा एवढाच सल्ला होता, सक्ती नव्हती. दरम्यान जहाजं वाढत वाढत कुठल्या कुठे गेली. मार्च २०२५ मध्ये एनटीएसबीने तो हिशेब स्वतः करून पाहिला, तर की पुलाचा धोका महत्त्वाच्या पुलांसाठी मान्य असलेल्या मर्यादेच्या जवळजवळ तीसपट निघाला. हा हिशेब टक्करीच्या आधी कोणीही करू शकलं असतं, लागणारी माहिती सगळी हाताशी होती. माझ्या व्यवसायातल्या माणसाला याचा जाब द्यावाच लागेल.

आणखी ६८ पुलांच्या मालकांना त्यांनी हाच हिशेब करायला सांगितला, त्यात गोल्डन गेटसुद्धा आहे. आणि डेलावेअर मेमोरिअल पुलाच्या खांबांपुढे ऐंशी फूट व्यासाचे आठ बुरूज बांधायचं काम डालीच्या टक्करीआधीच, २०२३ मध्ये, सुरू झालं होतं. म्हणजे करणारे करत होते. आता बाल्टिमोरच्या नव्या पुलाचा अंदाजित खर्च ४.३ ते ५.२ अब्ज डॉलरवर गेलाय आणि तो २०३० पर्यंत होईल म्हणतात.

निळीशाई

चीफकाका, कमानगडी, मनापासून आभार. ५८ सेकंदांचं ग्रुपवर टाकलं. दोन-तीन जण गप्प झाले, एका मामांनी "माहीत नव्हतं" असं लिहिलं.

अजून दोन गोष्टी विचारते. पोलिसांनी वाहतूक अडवली म्हणून किती जीव वाचले असं तेव्हा सगळीकडे आलं होतं. मग पुलावरच्या त्या कामगारांना का नाही सांगितलं? आणि दुसरं, भाऊ आता परत जहाजावर चाललाय. त्याला काय सांगू?

जुना चीफ

वाहतूक अडवली हे खरं आणि ते फार मोलाचं झालं. पायलटने शेवटच्या दोन मिनिटांत रेडिओवरून धोका कळवला, निरोप पोलिसांपर्यंत पोचला, आणि काम चालू असल्यामुळे पोलीस पुलाच्या टोकांना हजरच होते. त्यांनी गाड्या थांबवल्या. एक जण पुलावर जाऊन कामगारांना सांगायच्या बेतात होता, तेवढ्यात पूल गेला. कामगारांशी थेट बोलायची सोयच नव्हती. पोलिसांना कळलं त्याच वेळी त्यांनाही कळलं असतं तर गाडीत बसून सुटायला कदाचित वेळ मिळाला असता, असं तपासातही म्हटलंय. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर अशा देशांतून पोटासाठी आलेली माणसं होती ती, रात्रपाळीला खड्डे बुजवत होती. शेवटचा मृतदेह मे महिन्यात मिळाला. एक वायरलेस सेट त्यांच्या मुकादमाच्या हातात असता तर! जहाज, तार, पंप या सगळ्यापेक्षा मला हे जास्त छळतं, कारण ही सगळ्यांत स्वस्त गोष्ट होती.

आणि त्या खलाशांचंही सांगतो. टक्करीनंतर ते जहाजावरच अडकले. चौकशीसाठी फोन काढून घेतले गेले. १३ मे ला नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) पडलेला पुलाचा सांगाडा सुरुंगाने तोडला तेव्हाही ते जहाजातच होते. जहाज २० मे ला हललं, २४ जूनला बाल्टिमोर सोडून गेलं, आणि तेव्हाही त्यातल्या काहींना घरी जायची परवानगी नव्हती.

भावाला सांगा, जहाजावर चढल्यावर पहिल्याच आठवड्यात चीफकडे परवानगी मागून इंधनाची लाइन स्वतः हात लावत टाकीपासून जनरेटरपर्यंत चालत जा. कुठला पंप चालू आहे, त्याचा जोडीदार कुठला, वीज जाऊन आली तर कोण आपोआप उठतो आणि कोण नाही, हे वहीत काढ. ट्रान्सफॉर्मरचे ब्रेकर ऑटोवर आहेत की मॅन्युअलवर ते बघ, आणि मॅन्युअलवर असतील तर का, ते विचार. ईटीओ (जहाजावरचा विजेचा अधिकारी) थर्मल कॅमेरा घेऊन पॅनेल तपासत असेल तेव्हा बॅटरी धरायला त्याच्यासोबत उभा राहा, सैल जोडणी पुष्कळदा तापलेली दिसते. तारेची पट्टी पाहून समाधान मानू नकोस, पॅनेल बंद करून वीज तोडलेली असेल तेव्हा ईटीओसमोर ती तार हलकेच ओढून बघ. आणि "इथे हे असंच चालतं" असं उत्तर मिळालं तर ते वहीत तारखेसकट लिही आणि चीफला दाखव. मोठ्या माणसाला विचारायचं कसं, असा संकोच त्याला वाटेल. त्याला माझं नाव सांगून म्हणा, चीफने विचारायला सांगितलंय.