दिव्यांग म्हणून बढती डावलली, तक्रारही फेटाळली. आता अपील कुठे?

प्रश्न: राज्य सरकारी कार्यालयात लिपिक आहे, कोल्हापूर. तक्रार निवारण अधिकाऱ्यांनी ‘तथ्य नाही’ एवढंच लिहून तक्रार निकाली काढली. पुढे काय?

उत्तर १: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २३ बघा. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. अर्जात कलम २०(३) लिहाच: केवळ अपंगत्वामुळे बढती नाकारता येत नाही. सेवाज्येष्ठता यादी, बढतीचा आदेश, प्रमाणपत्र जोडा आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. पोच नसली की अर्ज ‘मिळालाच नाही’ होतो.

उत्तर २: बढतीचा आदेशच रद्द करून हवा असेल तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. कोल्हापूरसाठी मुंबईचं खंडपीठ. आधी खात्याकडे अपील किंवा निवेदन द्या. अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत. उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबून त्यापुढे एक वर्ष. स्मरणपत्रं पाठवत बसल्यानं मुदत वाढत नाही, बहुतेक जण इथंच फसतात. आणि ज्यांना बढती मिळाली त्यांनाही प्रतिवादी करा.

उत्तर ३: जिल्हा परिषदेचे असाल तर मॅट नाही हं. मॅटच्या निकालाविरुद्ध मात्र उच्च न्यायालय.