मे अखेरीस उजनी बॅकवॉटरला गळ टाकायला जायचंय, पाणी एवढं खाली असताना काय परिस्थिती असते?

गळवाला_हडपसर

मंडळी, मे संपत आलाय आणि वडिलांना घेऊन एकदा उजनीच्या बॅकवॉटरला गळ टाकायला जायचं डोक्यात आहे. वडिलांना जुना नाद, साधी बांबूची काठी, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि कणकेचा गोळा एवढ्यावर त्यांनी सगळं केलंय, आता रिटायर झालेत, गुडघे दुखतात त्यामुळे फार चालायला नको आणि सोबत भाचा पण येतोय, सहावीतला आहे. आम्ही एरवी दिवाळीनंतरच जातो, भर उन्हाळ्यात कधी गेलो नाही म्हणून विचारतोय.

ऑफिसमधला एक जण म्हणतो पाणी आटलंय म्हणजे सगळा मासा थोड्या पाण्यात गोळा झालेला असतो, पोत्यानं मिळेल. खरंय का हे? भिगवण बाजूला जावं की पळसदेवकडं, पहाटे जावं की संध्याकाळी, आणि चारा काय न्यावा? वळवाचा पाऊस पडून गेल्यावर गेलेलं बरं की आधी? जाणकारांनी सांगा प्लीज.

भीमाकाठ

दादा, आमचं घरच काठावर आहे, वडिलोपार्जित धंदा मासेमारीचा, त्यामुळं सांगतो. पाणी लय खाली गेलंय, धरण मायनसमधी आहे. पुण्याच्या लोकांना मायनस म्हणलं की वाटतं धरण कोरडं पडलं, तसं नसतं, 117 टीएमसीचं (अब्ज घनफूट) धरण आहे आणि त्यातलं 63-64 टीएमसी नुसता मृतसाठा, म्हंजी तळाचं एरवी न वापरायचं पाणी, आहे, पाणी त्याच्या खाली गेलं की मायनस म्हणायचं, त्यामुळं उणे पन्नास टक्के म्हणलं तरी मधी पाणी असतंच. 2024 च्या उन्हाळ्यात उणे साठच्या आसपास गेलं होतं तेव्हा पळसदेवचं पाण्यातलं जुनं देऊळ उघडं पडलेलं आणि लोक गाड्या भरून बघायला यायचे.

तुमचा पयला प्रश्न, पोत्यानं मिळतो का. जाळ्याला मिळतो. गळाला नाय. मासा गोळा झालेला असतो हे खरं पण तो जुन्या नदीच्या पात्रात खोलात जाऊन बसतो, उन्हात काठाला येत नाय, आणि आला तरी तोंड लावंल याची गॅरंटी नाय. चिलापी (तिलापिया) मात्र भेटंल, ती कायमच भेटती, कणीक लावा नायतर गांडूळ, तरंग्याखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली) हात दीड हात तंगूस सोडून बसा, पोराला मजा येईल. रोहू कटला पायजे असंल तर शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा करून तळाला टाकावा लागतो आणि लय धीर धरावा लागतो.

आता नीट ऐका, वडील आणि पोरगं सोबत आहेत म्हणून सांगतो. पाणी मागं सरकलं की जी जमीन उघडी पडती तिच्यावर विश्वास ठेवायचा नाय. वरनं भेगा पडलेल्या दिसतात, पांढरट पापडी धरलेली असती, माणसाला वाटतं पक्की जमीन आहे, आणि पाण्यापासनं पंचवीस तीस पावलांवर आलं की पापडी मोडून पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, खाली नुसतं काळं लोण्यासारखं रेंदाड. तरणा माणूस कसातरी निघतो, गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला ओढून काढायला दोघं लागतात. त्यामुळं भिगवणजवळच्या कुंभारगावच्या उथळ बाजूला जाऊच नका, तिकडं पाणी दूर गेलंय आणि सगळा चिखल आहे. जिथं मुरूम नायतर खडक थेट पाण्यात उतरतो असा काठ बघा, नायतर जिथं गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) केलीय आणि बैल, ट्रॅक्टर फिरलाय तिथनं चाला.

आणि बसायच्या आधी काठावरच्या मच्छीमारांना विचारून बसा. आमच्या लोकांनी परवाना काढलेला असतो, जाळी लावलेली असतात, तुमचा गळ जाळ्यात गुतला की दोघांचं नुकसान.

पहाटे या, पाचला गळ पाण्यात पायजे आणि धाला घरी.

मत्स्य_शिरगाव

मी रत्नागिरीला शिरगावच्या फिशरीज कॉलेजला शिकलोय, भीमाकाठ यांचं बाकी सगळं पटलं पण वेळेबद्दल थोडं वेगळं मत आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी खरा प्रश्न पाण्यातल्या ऑक्सिजनचा असतो. पाणी 20 डिग्रीला असेल तर लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि 30 डिग्रीला साडेसातच, आणि हा आकडा पाणी ऑक्सिजनने पूर्ण भरलेलं असतानाचा. उजनीत पुण्यापासून सगळं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून धरणात येतं, त्याच्यावर शेवाळ पोसतं, मे महिन्यात पाणी हिरवंगार झालेलं तुम्ही बघालच. ते शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेच ऑक्सिजन ओढून घेतं, रात्रभर ओढतं, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधीचा जो तास असतो त्यावेळी पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. 3 मिलिग्रॅमच्या खाली गेला की रोहू कटल्याचं खाण्यात लक्षच राहत नाही. पहाटे पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर लोकांना वाटतं खायला आलेत, ते खायला नाही श्वासाला आलेले असतात, त्यांच्यापुढे काहीही टाका ते घेणार नाहीत.

म्हणून माझं म्हणणं, हिरव्या पाण्यात पाचपेक्षा सात साडेसातला गळ टाका, ऊन पाण्यावर पडून तास दीड तास झाल्यावर. पवना मुळशी पानशेत अशा सह्याद्रीतल्या स्वच्छ पाण्याला हे तेवढं लागू नाही, तिथे पहाटच चांगली. आणि जागा निवडताना वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ घ्या, लाटांनी पाणी ढवळलं जातं, हवा मिसळते, मासा त्या बाजूला असतो. लोक नेमके उलट आडोशाला शांत पाण्यात बसतात कारण तिथे तरंगा नीट दिसतो.

याला अपवाद मरळ. तो वर येऊन हवा घेतो त्यामुळे ऑक्सिजन कमी असला तरी त्याला फरक पडत नाही, गवताच्या कडेला रबरी बेडूक ओढला तर भर उन्हाळ्यात पण झडप घालतो. पण पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका एकत्र फिरताना दिसला तर तिथे गळ टाकू नका. त्याच्या खाली नर मादी राखणीला असतात आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात म्हणून पटकन लागतात, आणि ते दोघं उचलले की बाकीचे मासे घोळका खाऊन टाकतात.

भीमाकाठ

सर, श्वासाला येत्यात हे बरोबर आहे, आमच्याकडं त्याला मासा हापापला म्हणत्यात आणि असं दिसलं की आमचं म्हातारं माणूस म्हणतं आज पाणी वंगाळ आहे. पण मी पाचला सांगितलं ते मासा खातो म्हणून नाय, ऊन आणि वाऱ्यासाठी. सातला टाकला गळ तर बारा वाजत्यात उठायला, आणि मे मधी दुपारनंतर पाण्यावर वारं सुटतं. मधी एक करा, सहाला या, जागा धरा, चारा टाकून ठेवा आणि सातपासनं बसा.

होडीत अजिबात बसू नका, कुणी शंभर दोनशेत फिरवतो म्हणला तरी. 2024 ला मे महिन्यातच उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी चाललेली बोट वादळात उलटली, सहा माणसं गेली. घटकेत वारं सुटतं, आभाळ लांब दिसतंय म्हणून थांबायचं नसतं.

कृष्णाकाठ_भिलवडी

आमच्याकडचं पण सांगतो, धाग्यात कुणी सांगलीकडचं वाचत असलं तर उपयोगी पडेल. कृष्णेला उन्हाळ्यात डोहाडोहात पाणी राहतं आणि त्याच डोहात मगरी पण राहतात. औदुंबर, भिलवडी ते सांगलीपर्यंत हा सगळा पट्टा मगरींचा आहे आणि मे जूनमध्ये अंड्यातून पिल्लं बाहेर येतात, मादी जवळपासच असते. काठावर वाळूत किंवा मातीत ओढत गेल्याच्या खुणा दिसल्या की जागा बदला. गळ सोडवायला पाण्यात उतरायचं नाही, तंगूस तोडा, पाच रुपयांचा गळ गेला तर गेला. मासे धुवायला पाण्याशी वाकून बसायचं नाही, बादलीनं पाणी वर घ्या.

वळवाच्या पावसाबद्दल विचारलंय. पहिला वळीव पडला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे विजा. आजकाल सगळ्यांकडे कार्बनचे रॉड आहेत, कार्बनमधून वीज जाते, मोकळ्या काठावर आठ फुटी कार्बनचा रॉड उभा धरून बसलेला माणूस सगळ्यात उंच असतो. ढग गुरगुरला की रॉड खाली ठेवायचा आणि गाडीत जाऊन बसायचं, झाडाखाली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या पाण्याबरोबर उन्हाळाभर नाल्यात साचलेली सगळी घाण एकदम नदीत येते. पंचगंगेला, कृष्णेला मासे मरून काठाला लागायचे प्रकार बघून बघून आम्हाला पाठ झालंय, आधी वास येतो, मग पाणी काळपट होतं आणि मग मासे पांढरं पोट वर करून तरंगतात. असले मासे बघून लोक पिशव्या घेऊन पळतात, फुकटचे मिळतात म्हणून. हात जोडून सांगतो, खाऊ नका आणि दुसऱ्याला विकू पण नका. पाऊस पडल्यावर चार सहा दिवस जाऊ द्या, नवं पाणी वाहतं झालं, गढूळ पण वास नसलेलं, मग गांडुळाला वाम आणि शिंगटा छान लागतो, संध्याकाळी अंधार पडता पडता.

महाडकर

आमच्या कोकणात नद्या लहान, मे अखेर नुसते कोंड (खोल डोह) उरतात, मधली नदी दगड. एकेका कोंडीत अख्ख्या नदीचा मासा जीव धरून असतो, पावसाची वाट बघत. आणि हेच दिवस काही लोकांना सापडतात. जिलेटिनचे सुरुंग टाकतात, ब्लीचिंग पावडर ओततात, इन्व्हर्टरची बॅटरी पाठीला लावून पाण्यात करंट सोडतात. माझ्या गावाखालच्या कोंडीत मागच्या उन्हाळ्यात हेच झालं, मी बघायला गेलो तेव्हा बोटाएवढी पिल्लं दगडांच्या फटीत अडकून सुकलेली आणि खेकडेसुद्धा मेलेले. मोठे मासे त्यांनी नेले, त्यांना हवे होते दहा बारा, मेले हजारो. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी चालूच आहे. असं कुणी करताना दिसलं तर गप्प बसू नका, पोलीस पाटलाला सांगा, व्हिडिओ काढा.

ज्यांना कोंडीत मासा राखला तर काय होतं हे बघायचंय त्यांनी महाडजवळ वाळण कोंडीला या. काळ नदीवर वरदायिनी देवीचा डोह आहे, तिथले मासे कुणी धरत नाही. कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे महसीर वर येतात, खवल्यांवर ऊन पडलं की सोनेरी दिसतात. आणि पुणेकरांना सांगतो, हा जो दख्खनचा महसीर आहे त्याची शास्त्रात पहिली नोंद साइक्सने 1839 साली केली ती तुमच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्यात महसीर सोडा काय उरलंय बघा. त्यातल्या त्यात लोणावळ्याला वळवण तलावापाशी टाटा पॉवरने 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवून सोडायचं काम चालवलंय म्हणून तो टिकला तरी.

आता जून लागला की चढणीचे मासे, म्हणजे नव्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, चालू होतील, सगळे कोयते कंदील घेऊन ओढ्यावर. मी पण लहानपणापासून खात आलोय, चव दुसरी कसलीच नाही त्याला, पण त्यातला प्रत्येक मासा अंडी घालायला वर निघालेला असतो. एक रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. तेव्हा मे अखेरीला गळाला लागलेल्या माशाचं पोट फुगलेलं, मऊ दिसलं तर सोडून द्या दादा, भाच्याच्या हातानेच सोडा.

मत्स्य_शिरगाव

सोडायचं कसं ते पण सांगतो कारण उन्हाळ्यात नुसता पाण्यात फेकला तर मासा मरतो. कोमट पाण्यात तो आधीच दमलेला असतो, जितका वेळ झुंजवाल तितका संपतो. जाड तंगूस वापरा, पटकन ओढा. गळाचा जो उलटा काटा असतो तो निघतानाच पक्कडने दाबून सपाट करा म्हणजे गळ लगेच निघतो. हात ओले करून धरा, तापलेल्या दगडावर किंवा मातीवर ठेवू नका, फोटो काढायचा तर मासा पाण्यात असतानाच. मग शेपटीशी हलका धरून पाण्यात सरळ उभा करा, कल्ले चालायला लागले आणि त्यानेच झटका दिला की सोडा.

याला एकच अपवाद, आफ्रिकन मांगूर किंवा सकर (मत्स्यटाकीतून आलेला परदेशी सकरमाउथ मासा) लागला तर परत सोडायचा नाही. आफ्रिकन मांगूर आपल्याकडे बंदी असलेला मासा आहे, आपल्या माशांची पिल्लं तो फस्त करतो.

गळवाला_हडपसर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं सगळं, चढणीच्या माशांचं ऐकून ते बराच वेळ त्यांच्या गावच्या ओढ्याबद्दल बोलत बसले. ठरलं असं की येत्या रविवारी पहाटे चारला निघायचं, सहाला पळसदेवकडच्या मुरमाड काठाला, सात ते दहा बसायचं, चिलापी घरापुरती, बाकी सगळं सोडायचं. आभाळ आलेलं दिसलं तर निघायचंच नाही.

शेवटचा प्रश्न, उन्हाळ्यातल्या चिलापीला चिखलाचा वास येतो असं आई म्हणते, तिला तो वास अजिबात चालत नाही. काही उपाय?

भीमाकाठ

येतो वास, ते शेवाळामुळं. मोठी चिलापी घेऊ नका, पावशेराच्या आतबाहेरची घ्या. काठावरच पोट साफ करा, आतली काळी पातळ कातडी असती ती बोटानं खरवडून काढा. घरी गेल्यावर मीठ हळद चोळून चिंचेच्या दाट कोळात अर्धा तास ठेवा, मग धुवून परत ताजा कोळ घालून कालवण करा, आंबटाणं वास मरतो. कालवणाला लसूण सढळ हातानं. आणि पाणी पार घट्ट हिरवं, वर रंगासारखा तवंग आलेला असंल त्या दिवशी मासा घरी न्यायचाच नाय, नुसतं बसा आणि सोडा.

बर्फ इकडं मिळंल म्हणून निघू नका, रविवारी सकाळी भिगवणच्या बाजारात व्यापारीच सगळा उचलत्यात. पुण्यातनंच थर्माकोलच्या खोक्यात घेऊन या.