गाडी चुकली, आणि चूक आमची?

चोथा (धागाकर्ता)
परवा इथे एक पोस्ट वाचली: 'गाडी आली नाही म्हणून रडण्याआधी स्वतःचा डबा बघा'. सार असं की लोक कचरा नीट वेगळा करत नाहीत, वेळेवर बाहेर ठेवत नाहीत आणि मग गाडीच्या नावाने खडे फोडतात. खाली +१ ची ही रांग. प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

आमच्याकडे ओल्याची गाडी रोज, सुक्याची आठवड्यातून एकदा. गेल्या पाच आठवड्यांत सुक्याची दोनदा आली. मी कागद वेगळा बांधतो, बाटल्या चेपतो, डबे विसळतो. गाडी चुकली की हे सगळं माझ्या बाल्कनीत उभं राहतं. शेजारी मात्र सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबून ओल्याच्या गाडीत ढकलतात, त्यांना गाडी चुकल्याचा पत्ताही नाही. म्हणजे शिक्षा कोणाला? तिसऱ्या खेपेला घरातून आवाज आला, "टाका ना सगळं ओल्यात, कोण बघतंय?" टाकलं. दोन वर्षांची सवय एका सोमवारी मोडली.

तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी ॲपवर 'निवारण झाले', सोबत रिकाम्या डब्याचा फोटो. डबा निळा, आमचा हिरवा. मागच्या भिंतीवर बोगनवेल. आमच्या गल्लीत साधं गवत उगवत नाही.

माजी मुकादम
ती पोस्ट माझी. अकरा वर्षं रूट सांभाळलेत, त्यामुळे थोडं ऐका.

गाडी कोणी मजेखातर चुकवत नाही. अर्ध्या रूटवर ती भरते, रिकामी करायला जाते, तिथे रांग, परत येईस्तोवर पाळी संपलेली असते. सुका कचरा वजनाला काही नसतो पण जागा खातो. न चेपलेला खोका म्हणजे आम्ही हवा वाहून नेतो. त्यात गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी कार आडवी लावतं, गाडी वळत नाही, मदतनीस पिशव्या हातात धरून पळतो. माझ्या एका पोराला अशाच पिशवीतल्या फुटक्या काचेनं तळहातावर सात टाके पडले. पिशवीवर एक चिठ्ठी लावायचं सुचलं नव्हतं कोणाला. आणखी एकदा गाडीतून धूर निघाला, दाबपट्टीखाली मोबाइलची जुनी बॅटरी चिरडली होती. तो दिवस अख्खा रूट बुडाला. त्या संध्याकाळीही 'गाडी आली नाही' अशाच तक्रारी.

खवचट
मुकादमसाहेब, सगळं खरं. पण पाळी संपते ती नेहमी त्याच टोकाला कशी? आम्ही रूटच्या शेपटीला आहोत हो. एक आठवडा गाडी उलटी फिरवा की.

माजी मुकादम
फिरवून पाहिली. दोनच दिवस. पहिल्या टोकाची मंडळी जास्त ओरडतात आणि त्यांचे फोन वरपर्यंत जातात. हे मी बोललो नाही असं समजा.

खवचट
वाचलंच नाही. :)

घरचं खत
मुळात कचरा बाहेर जातोच कशाला? घरी खत करा. चार वर्षं माझा ओला कचरा घराबाहेर पडलेला नाही.

तिसरा मजला
आलेच! केलं होतं हो मी. महिनाभरात वास आणि अळ्या.

घरचं खत
नुसती भाजीची सालं टाकली असणार. सुका पाला, पुठ्ठ्याचे तुकडे घालायचे असतात, कार्बन त्यातून मिळतो. नत्राच्या एका भागाला कार्बनचे पंचवीस-तीस भाग लागतात. ओलं जास्त झालं, हवा खेळली नाही, की सडणारच.

तिसरा मजला
पुठ्ठा होता की. पाच आठवड्यांचा. चोथा यांच्या बाल्कनीत.

कोरडे पाषाण
माझा वेगळाच प्रश्न. चोथा लिहितात 'डबे विसळतो'. का? कारखान्यात प्लास्टिकचे तुकडे करून गरम पाण्यात धुतातच ना? इथे पाण्याची बोंब आणि तुम्ही कचऱ्याला आंघोळ घालताय.

विसळणारी
आंघोळ नाही, विसळणं. भांडी घासून उरलेल्या पाण्यातच. आणि प्लास्टिक धुता येतं, कागद धुता येत नाही. तुमचा तेलकट डबा त्याच पिशवीतल्या चांगल्या कागदाची वाट लावतो. शिवाय तो कारखान्यात पोचण्याआधी कोणाचे तरी हात त्यात जातात.

कोरडे पाषाण
त्यांचं ते कामच आहे.

विसळणारी
हे वाक्य परत वाचा. मग स्वतःचाच आठवडाभर कुजलेला डबा उघड्या हातानं उचलून दाखवा.

तिसरा मजला
मी प्लास्टिकच्या डब्याच्या तळाचा त्रिकोण बघते. आकडा असला की सुक्यात, विषय संपला.

विसळणारी
तो आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो, पुनर्वापराची हमी देत नाही. १९८८ मध्ये प्लास्टिक उद्योगानंच आणला, १ ते ७. सातमध्ये तर 'उरलेलं सगळं'. आणि काळे ट्रे प्लास्टिक निवडणाऱ्या यंत्राला बऱ्याचदा दिसतच नाहीत, काळा रंग इन्फ्रारेड किरण शोषून घेतो.

कोरडे पाषाण
म्हणजे मी धुवायचं, वाळवायचं आणि यंत्राला दिसणार नाही. वा! सगळा भार आमच्यावर, आणि त्या वेष्टनांच्या कंपन्या नामानिराळ्या.

विसळणारी
यावर मात्र एकमत. आज उजाडलं म्हणायचं.

कोरडे पाषाण
विसळणार नाही तरीही.

चोथा (धागाकर्ता)
धागा माझा, डबे तुमचे! मंडळी, प्रश्न गाडीचा होता. आणि घरचं खत, ज्यांच्याकडे खताला जागा नाही त्यांचं काय? उन्हाळ्यात माशीची अंडी एका दिवसात फुटतात, आठवडा-दहा दिवसांत नवी माशी तयार. ओल्याची गाडी दोनदा चुकली की हिशोब सांगायला लागत नाही. तेव्हा 'स्वतःचा डबा बघा' असलं तत्त्वज्ञान कोणी शिकवू नये.

माजी मुकादम
तत्त्वज्ञान नाही, अनुभव आहे. पण एक मान्य करतो. गाडी येणार नसेल तर सकाळीच कळवायला हवं. आम्हाला सातलाच माहीत असायचं की मदतनीस आलेला नाही. कळवायची पद्धतच नव्हती. आणि परक्या डब्याचा फोटो... ते झालं असेल. होतं.

खवचट
'झालं असेल, होतं.' निवारण झाले. :D

माजी मुकादम
चेष्टा करा. अकरा वर्षांत एक माणूस दारात 'पाणी हवंय का' म्हणाला नाही.

तिसरा मजला
हे लागलं हो. आमच्या गाडीवरच्या बाईचं नाव मला आजही माहीत नाही.

चोथा (धागाकर्ता)
ताजी खबर: सुक्याची गाडी आज आली. मी बाल्कनीतून ओरडलो, खाली धावलो, सगळं दिलं. मदतनिसाला पाणी विचारलं, तो म्हणाला वेळ नाही, अजून बारा गल्ल्या आहेत.

ओल्याची गाडी आली नाही.