शब्दचर्चा : खंदकातला नास्तिक आणि 'धावा'

धागाकर्ती :

एका अमेरिकी सैनिकाच्या आठवणींचं भाषांतर करते आहे आणि दोन दिवस एकाच ओळीवर अडकले आहे. इंग्रजीतली ती प्रसिद्ध म्हण : फॉक्सहोलमध्ये नास्तिक नसतात. अर्थ उघड आहे. मरण समोर दिसलं की भलेभले देवाचं नाव घेतात. पण मराठीत आणताना तिन्ही शब्द टोचतात.

'फॉक्सहोल'ला कोशात 'खंदक' मिळतो. मला खंदक म्हटलं की नगरच्या भुईकोट किल्ल्याभोवतीचा तो रुंद चर दिसतो. फॉक्सहोल म्हणजे एक-दोन माणसं जेमतेम मावतील असा, आपल्याच हातानं खणलेला खड्डा. मग 'नास्तिक'. मग 'नसतात'. आतापर्यंतचे प्रयत्न :

"खंदकात कुणी नास्तिक नसतो." (शाळेच्या फळ्यावरचा सुविचार)
"मरणाच्या दारात सगळेच आस्तिक." (सैनिक गायब, कीर्तनकार हजर)
"संकटात देव आठवतो." (हे आपण बारावीच्या निकालाच्या दिवशीही म्हणतो)

सुचवा काहीतरी.

सातारकर :

ताई, फौजेत त्या खड्ड्याला मोर्चा म्हणतात. मी बावीस वर्षं नोकरी केली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नवीन जागी पोचलं की पहिलं काम मोर्चा खोदायचं. गैंती-बेलचा घ्यायचा आणि सुरू. उभं राहिल्यावर कड छातीला लागली पाहिजे. खंदक हा शब्द आम्ही फक्त किल्ला बघायला गेलो की ऐकायचो.

धागाकर्ती :

काका, शब्द एकदम पसंत. पण "मोर्चात नास्तिक नसतात" असं लिहिलं तर माझा वाचक थेट आझाद मैदानात जाऊन बसेल!

डोंबिवलीकर :

हसू आलं, पण काकांचाच मोर्चा जुना आहे. किल्ल्याला वेढा पडला की 'मोर्चे लावले' हे वाक्य जुन्या कागदांत येतंच. म्हणजे तोफा-बंदुकांसाठी आडोसा करून धरलेली जागा. नंतर तो शब्द रस्त्यावर उतरला आणि घोषणा द्यायला लागला. जुना अर्थ अजून एका ठिकाणी शाबूत आहे : मोर्चेबांधणी. निवडणुकीच्या बातमीत रोज वाचतो, आणि आपण कुणाला तरी खड्डे खणायला लावतोय हे लक्षातही येत नाही.

खंदकाचं मूळ फारसी, 'खणलेलं' या अर्थाचं. तिथून अरबीत गेला आणि फिरून आपल्याकडे आला. इ. स. ६२७ मध्ये मदिनेभोवती चर खणून शहर वाचवलं, ती लढाई इस्लामच्या इतिहासात 'खंदकची लढाई' म्हणूनच ओळखली जाते. चर खणायची युक्ती सलमान या पर्शियन सोबत्यानं सुचवली, असं परंपरा सांगते. तेव्हा खंदक आणि श्रद्धा यांची गाठ अमेरिकनांच्या आधी तेराशे वर्षं पडलेली आहे. ताई, खंदकच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे "एका माणसापुरता खंदक" म्हणा, पुढे वाचक सांभाळून घेतो.

धागाकर्ती :

खंदक पक्का. आता नास्तिक.

संगमनेरकर :

'नास्तिक'ची भानगड अशी की हा शब्द मुळात देवाबद्दल नव्हताच. पाणिनी आस्तिक-नास्तिक साधतो ते 'आहे' आणि 'नाही' असं मत असणाऱ्यांसाठी. मनुस्मृती तर सरळ 'नास्तिको वेदनिन्दकः' म्हणते. म्हणून वेद मानणारे, पण ईश्वराला फारसं न विचारणारे मीमांसक आस्तिक ठरतात आणि बौद्ध-जैन नास्तिक. आजच्या मराठीत मात्र नास्तिक म्हणजे देव न मानणारा, बस. तुमच्या ओळीला तेवढं पुरे. 'निरीश्वरवादी' लिहू नका, त्या खड्ड्यात तो शब्द मावणार नाही.

आणि 'नसतात' की 'उरत नाहीत'? 'नसतात' म्हटलं की नियम झाला, पाणी शंभर अंशांवर उकळतं तसा. 'उरत नाहीत'मध्ये गोष्ट आहे : आत जाताना होता, बाहेर येताना नाही. फक्त सावध राहा. "खंदकात नास्तिक उरत नाही" याचा दुसरा अर्थ तो तिथेच मेला असाही होतो.

डोंबिवलीकर :

ही म्हण कुठून आली तेही बघायला हवं, कारण सूर त्यावर ठरतो. बहुतेक वेळा ती विल्यम कमिंग्ज या कॅथलिक पाद्र्याच्या नावावर सांगतात. १९४२ साली फिलिपिन्समध्ये बतानच्या लढाईच्या वेळी त्यांनी प्रवचनात तसं म्हटलं, असं. पुढे ते जपान्यांचे युद्धकैदी झाले आणि १९४५ मध्ये कैद्यांच्या जहाजावर वारले. पण हीच कल्पना पहिल्या महायुद्धातल्या इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतही सापडते. १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर रेडिओवर हेच बोलले, तेव्हा ते 'युद्धात शिकलेलं सत्य' झालं होतं. रणांगणावरची ओळ व्यासपीठावर चढली की ती सैनिकाबद्दल राहत नाही, घरी बसलेल्या नास्तिकाला टोमणा होते. खुद्द नास्तिक सैनिकांना तो झोंबला. १९९९ मध्ये अमेरिकेत अलाबामा राज्यात लेक हायपेशिया इथे 'खंदकातल्या नास्तिकां'साठी स्मारक उभं राहिलं. तेव्हा भाषांतरात 'नास्तिक' हवाच. तो काढला तर टोमण्याची नांगीच गेली.

कोल्हापूरकर :

सगळ्यांचं वाचलं. मला वाटतं, आपण नको त्या शब्दाशी झटतोय. या प्रसंगासाठी मराठीत स्वतःचा शब्द आहे : धावा. देवाचा धावा करणे.

धावा म्हणजे काय? "धाव रे" अशी हाक. द्रौपदीनं सभेत केला, मगरीनं पाय धरल्यावर गजेंद्रानं केला. स्वतःचं बळ संपल्यावर. गजेंद्राची त्याआधी श्रद्धा किती होती, एकादशी धरत होता का, हे कुणी विचारत नाही. श्रद्धा माणसाजवळ 'असते', भक्ती 'जडते', पण धावा 'केला' जातो. ती कृती आहे. तोंडातून निघाला की झाला. त्यावरून माणूस काय मानतो ते ठरत नाही, जसं ठेच लागल्यावर "अरे देवा" म्हणणारा भाविक ठरत नाही.

इंग्रजी म्हण नेमकी इथे घसरते. हाक ऐकते आणि मत ठरवते. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांची मोठी पाहणी समाजशास्त्रज्ञ स्टाउफर आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये छापली. कठीण वेळी प्रार्थनेचा आधार वाटला, असं सांगणारे पायदळात बहुसंख्य होते. हा आकडा म्हणीच्या बाजूनं फेकतात. पण प्रश्न प्रार्थनेनं किती मदत झाली असा होता. मराठीत सांगायचं तर धाव्याची मोजणी झाली, श्रद्धेची नाही.

आणि गंमत बघा, शत्रूवर तुटून पडणं हाही धावाच. एकात आपण धावायचं, दुसऱ्यात देवानं. (क्रिकेटच्या धावा सोडून द्या, त्या 'धाव'चं अनेकवचन.)

सातारकर :

मग आमच्या जयघोषाचं काय म्हणणार? मराठा लाइट इन्फंट्रीचा "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय, टेमलाई माता की जय". त्यात देवी आहेच की.

कोल्हापूरकर :

काका, टेमलाई तर आमचीच, टेंबलाईच्या टेकडीवरची. पण जयघोष आणि धावा वेगळे. धाव्यात मागणं असतं, जयघोषात नसतं. गढवाल रायफल्स बद्रीविशालची जय बोलतात, डोगरा ज्वालामातेची, गोरखे महाकालीची. आणि महार रेजिमेंट, १९४१ साली आपल्या बेळगावातच उभी राहिली, ती म्हणते "बोलो हिंदुस्तान की जय". त्यात देव नाही. लढण्यात काही कमी पडलं का?

संगमनेरकर :

यावर आमच्या तालुक्यातला दाखला देतो. निमजचे नामदेव जाधव, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. काम कंपनी रनरचं, निरोप घेऊन पळायचं, म्हणजे हुद्द्यातच धाव. दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग पुन्हा नदी ओलांडून एकट्यानं मशिनगनच्या ठाण्यावर गेले. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, ती फेकली आणि हातबॉम्ब घेतले. आणखी दोन ठाणी उडवली. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात मराठ्यांच्या रणघोषाचा उल्लेख येतो तो त्याच्यानंतर : मशिनगनचा मारा बंद पडल्यावर ते बांधावर चढले, घोष केला आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं.

क्रम लक्षात घ्या. पाण्यात असताना मनात काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. कागदावर आला तो आवाज वाचण्यासाठी नव्हता, पलीकडच्यांना "या" म्हणून सांगण्यासाठी होता. कोल्हापूरकरांच्या भाषेत, देवाला नाही, सोबत्यांना घातलेली हाक.

धागाकर्ती :

या सगळ्यात मला एक वेगळाच वाक्प्रचार आठवला. देव पाण्यात घालून बसणे. तो सैनिकाचा नाहीच, घरी राहिलेल्यांचा आहे. मोर्चात माणूस, ताम्हणात देव. इंग्रजी म्हणीत घर कुठे दिसतच नाही.

काका, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या, पण तुम्ही काय केलंत? त्या वेळी?

सातारकर :

आगाऊपणा कसला. माझं गाव जेजुरीला जाणारं. सुट्टी संपून निघालो की आई भंडाऱ्याची पुडी सदऱ्याच्या खिशात घालायची, वरून टाचणी. मी तिच्यासमोर काढायचो नाही आणि पुढेही काढायचो नाही, राहायची तशीच. एकदा सीमेवर पावसात रात्रभर मोर्चात होतो, पलीकडून मॉर्टर येत होते. सकाळी बघतो तर पुडी भिजून छातीवर हा एवढा पिवळा डाग. हवालदार ओरडला, जखम झाली का? मी म्हटलं, खंडोबा विरघळला. सगळे हसले.

त्या रात्री देवाचं नाव घेतलं का, तर खरं सांगतो, मी मोजत होतो. गोळा पडल्याचा आवाज आणि पुढचा आवाज, मधे किती आकडे होतात ते. पुडी आईची होती, खिसा माझा.

धागाकर्ती :

काका...

सध्या असं लिहिलं आहे : "खंदकात नास्तिक उरत नाही, असं आमचा पाद्री म्हणायचा. धावा सगळेच करतात, एवढंच मी पाहिलं." दुसरं वाक्य मूळ लेखकाचंच आहे, त्यानं प्रार्थना म्हटलंय, मी धावा केलं. चालेल का?

संगमनेरकर :

चालेल. 'सगळेच' मात्र तपासा, मूळात 'बहुतेक' असेल तर तेच ठेवा.

सातारकर :

गोळी लागलेली माणसं मी दोनदा अगदी जवळून पाहिली. दोघंही "आई गं" म्हणाले. एक टेमलाईचा भक्त होता, दुसरा देवळात बूट राखत बाहेर थांबणारा. आता ह्या आईला तुम्ही कशात धरणार ते ठरवा.