मदत हवी आहे: डीएनएस क्वेरींमधून माहिती बाहेर जात आहे का, हे कसे पडताळावे?

नमस्कार.

भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याचे नेटवर्क मी सांभाळतो. डिझाइन विभाग आणि मुख्य सर्व्हर भोसरीत आहेत, तर चाकणच्या शाखेतील संगणक व्हीपीएनने या सर्व्हरशी जोडलेले आहेत. डिझाइन विभागात ग्राहक कंपन्यांची ड्रॉइंग असतात आणि ती बाहेर जाता कामा नयेत अशी करारातच अट आहे. म्हणून पेनड्राइव्ह, खासगी ईमेल आणि फाइल पाठवण्याच्या वेबसाइट आम्ही पूर्वीच बंद केल्या. डीएनएस (नावावरून संगणकाचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) बंद करण्याची सोय नाही, कारण त्यावाचून काहीच चालत नाही, आणि माझी शंका नेमकी त्याच वाटेविषयी आहे.

हा प्रकार ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. संगणकाने एखाद्या नावाचा पत्ता विचारला आणि उत्तर आमच्या अंतर्गत डीएनएस सर्व्हरजवळ नसले, तर तो प्रश्न (क्वेरी) त्या डोमेनच्या मालकाच्या नेमसर्व्हरपर्यंत, म्हणजे त्या डोमेनची उत्तरे देणाऱ्या सर्व्हरपर्यंत, जातो. म्हणजे ज्याने एखादे डोमेन घेऊन त्याचा नेमसर्व्हर स्वतः चालवला आहे, त्याला आपल्या कार्यालयातून विचारले गेलेले प्रत्येक सबडोमेन (डोमेनच्या आधी ठिपक्याने जोडलेला नावाचा भाग) वाचता येते. चोरलेली माहिती अक्षरांत बदलून सबडोमेनच्या जागी लिहिली की काम झाले. बाधित संगणकाला बाहेर कोणाशी थेट बोलावेही लागत नाही, कारण पोस्टमनचे काम आपलाच सर्व्हर करतो. २०१४ साली उघडकीस आलेल्या फ्रेमवर्कपीओएस या मालवेअरच्या एका प्रकाराने दुकानांतील कार्डांची माहिती अशीच बाहेर नेली होती, आणि २०२० च्या सोलरविंड्स प्रकरणातील सनबर्स्ट या मालवेअरनेही बाधित संस्थेचे अंतर्गत डोमेननाव सबडोमेनमध्ये गुंफून कळवले होते.

डीएनएसच्या १९८७ च्या मानकानुसार एका लेबलमध्ये (नावातील दोन ठिपक्यांमधल्या भागात) जास्तीत जास्त ६३ आणि पूर्ण नावात ठिपके धरून २५३ अक्षरे मावतात. मुख्य डोमेनची अक्षरे वगळून, बेस ३२ पद्धतीने (माहिती ३२ चिन्हांत लिहून) प्रत्येक अक्षरात ५ बिट धरले, तर एका क्वेरीतून साधारण १४० बाइट जाऊ शकतात. ५ एमबीच्या ड्रॉइंगला या हिशेबाने सुमारे ३७ हजार क्वेरी लागतील आणि दर दहा सेकंदांना एक या गतीने ते चार-साडेचार दिवसांत बाहेर जाईल. २० केबीची दरपत्रकाची फाइल मात्र दीडशे क्वेरींत संपते. रोजच्या एकूण गर्दीत दीडशे क्वेरी कोणाच्या डोळ्यांत भरणार?

आता प्रत्यक्ष अडचण. आमचा डीएनएस सर्व्हर विंडोजचा असून त्यावर डीबग लॉग, म्हणजे क्वेरींची सविस्तर नोंद, चालू केला आहे (या लॉगमध्ये प्रत्येक लेबलच्या आधी त्याची लांबी कंसात छापलेली असते, ही सोय फार उपयोगी पडली). त्यावर पायथनची एक छोटी स्क्रिप्ट चालवून प्रत्येक लेबलची शॅनन एन्ट्रॉपी (अक्षरे किती विस्कळीत आहेत याचे माप) काढली आणि ३.५ बिटांहून अधिक असलेली नावे वेगळी केली. जी यादी आली तिचा उपयोग होत नाही. सर्वांत वर आमचेच अँटिव्हायरस आहे, कारण ते फाइलचा हॅश (फाइलवरून काढलेली तिची ओळख) सबडोमेनमध्ये घालून आपल्या कंपनीला विचारते. त्याखालोखाल मोठमोठ्या सीडीएनची (वेबसाइटचा मजकूर ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पुरवणाऱ्या सेवांची) यंत्राने बनवलेली नावे आहेत. उंबरठा ४ बिटांवर नेला की यादी जवळजवळ रिकामी होते, पण ज्या डोमेनविषयी मला खरी शंका आहे तेही तीतून गळते.

त्या डोमेनला डिझाइन विभागातील एका संगणकावरून साधारण दर पंधरा मिनिटांनी टीएक्सटी प्रकारची (उत्तरात मजकूर मागणारी) क्वेरी जाते. सबडोमेन दर वेळी नवे असते, परंतु लांबी ४८ अक्षरे, चोवीस-चोवीसच्या दोन लेबलांत विभागलेली, आणि अक्षरे केवळ ० ते ९ व ए ते एफ. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी असते, विभागात कोणी नसते, केवळ काही संगणक चालू ठेवलेले असतात; तरीही बुधवारच्या आणि गुरुवारच्या नोंदींत काडीचाही फरक नाही. डोमेन अलीकडे नोंदवलेले आहे आणि त्यावर कोणतीही वेबसाइट उघडत नाही. नाव येथे देणे तूर्त योग्य वाटत नाही.

एन्ट्रॉपी हे माप सोडून द्यावे की त्याच्या जोडीला दुसरे काही घ्यावे, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. शिवाय चाकणच्या सर्व क्वेरी तेथील फॉरवर्डरमार्फत (क्वेरी पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरमार्फत) येत असल्यामुळे भोसरीच्या लॉगमध्ये एकाच आयपीवर दिसतात, त्यामुळे तेथे असाच संगणक असेल तर तो ओळखायचा कसा, हाही प्रश्न आहे. डोमेन लगेच अडवावे की काही दिवस पाहत राहावे, याबद्दल आमच्या विभागातच एकमत नाही.

प्रतिसाद १

आपली निरीक्षणे नेमकी असल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. ४ बिटांचा उंबरठा ठेवला की ते डोमेन गळणारच, कारण हेक्समध्ये (० ते ९ व ए ते एफ) चिन्हे १६ च असतात आणि १६ चिन्हांची एन्ट्रॉपी कितीही ताणली तरी ४ च्या वर जात नाही. लहान लेबलांचे तर याहून अवघड आहे: १२ अक्षरी लेबलमध्ये बाराही अक्षरे वेगवेगळी असली, तरी आकडा ३.५८ च्या पुढे सरकत नाही. म्हणून एकेका नावाची एन्ट्रॉपी हा पुरावा मानू नये. फार तर यादी लावताना तिचा आधार घ्यावा.

चोराला टाळता येत नाही अशी गोष्ट वेगळीच आहे. तेच नाव पुन्हा विचारले तर कॅशेतून (सर्व्हरने साठवलेल्या उत्तरांतून) उत्तर मिळते आणि क्वेरी बाहेर पडतच नाही, म्हणून त्याला दर वेळी नवे नाव रचावे लागते. तेव्हा प्रत्येक संगणकासाठी, प्रत्येक नोंदणीकृत डोमेनखाली, एका आठवड्यात किती निरनिराळी सबडोमेन विचारली गेली आणि त्यांची एकूण अक्षरे किती झाली, ते मोजावे. मोजणीचा कालावधी तासाचा ठेवला तर आपल्यासारखे संथ प्रकरण कधीच वर येणार नाही. डोमेन वेगळे काढताना शेवटचे दोन भाग घेऊन भागत नाही, कारण डॉट सीओ डॉट इनखालील सारी डोमेन एकाच खात्यात जमा होतील. त्यासाठी मोझिलाने सांभाळलेली पब्लिक सफिक्स लिस्ट (ज्यांच्याखाली डोमेन नोंदवता येतात अशा शेवटांची यादी) वापरावी. या मोजणीतही अँटिव्हायरस वर येईलच, पण अशी डोमेन मोजकी असतात आणि प्रत्येकाचा नेमसर्व्हर कोणाचा आहे ते पाहून एकदा हाताने बाजूला काढता येतात.

आपल्या डोमेनचा हिशेब करून पाहिला. ४८ हेक्स अक्षरे म्हणजे २४ बाइट. दिवसाला ९६ क्वेरी धरल्या तर सव्वादोन केबीच्या आसपास. या गतीने ५ एमबीचे एक ड्रॉइंग जायला सहा वर्षे लागतील. त्यामुळे आज तरी ड्रॉइंग जात आहे असे मला वाटत नाही. ही हजेरी (आपण चालू आहोत एवढेच कळवणे) असावी, आणि काळजी करण्याजोगी गोष्ट उलट दिशेने येणारे टीएक्सटी उत्तर ही आहे, कारण आज्ञा त्यातूनच येतात. आपण केवळ प्रश्न नोंदवत असाल तर अर्धेच चित्र दिसत आहे. सर्व्हरवर वायरशार्कने (नेटवर्कवरील पॅकेट पकडणाऱ्या प्रोग्रॅमने) उत्तरेही पकडावीत. फाइल तुकड्यांनी जाऊ लागली की सारख्या लांबीच्या तुकड्यांनंतर शेवटचा अपुरा राहतो आणि नावात कोठे तरी चढता क्रमांक दिसतो, तोही शोधावा.

त्या संगणकावर सिसमॉन (संगणकातील घडामोडी नोंदवणारे मायक्रोसॉफ्टचे साधन) बसवल्यास इव्हेंट २२ मध्ये क्वेरी करणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव मिळेल. ही सोय २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून आहे. क्वेरी सर्व्हरवर दिसते आणि सिसमॉनमध्ये दिसत नाही, असे घडले तर तो प्रोग्रॅम विंडोजच्या डीएनएस सेवेला वगळून स्वतःच पॅकेट बनवत आहे, आणि कोणताही सरळमार्गी प्रोग्रॅम सहसा तसे करत नाही. चाकणसाठी भोसरीत काही करता येणार नाही; तेथील फॉरवर्डरवरच लॉग चालू करावा लागेल.

प्रतिसाद २

वरील विश्लेषण पटते, मात्र काही दिवस पाहत राहण्याचा विचार पटत नाही. ड्रॉइंग ग्राहकाची आहेत. त्यांच्या जिवावर निरीक्षण करण्याचा अधिकार आपल्याला नाही. संगणक बंद करू नका, नाही तर मेमरीतील पुरावा जाईल. चालू स्थितीत मेमरीची प्रत घ्या आणि नेटवर्कची केबल काढा. डोमेन मात्र सर्व्हरवर अडवताना क्वेरींची नोंद होत राहील असे करा, म्हणजे तेच डोमेन विचारणारे दुसरे संगणक आपोआप उघडे पडतील.

सर्ट-इनच्या (सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. विंडोजचा डीबग लॉग ठरावीक आकार भरला की जुन्या नोंदींवर लिहू लागतो, म्हणून आजच त्याची प्रत बाजूला ठेवा. त्याचबरोबर फायरवॉलवर, डीएनएस सर्व्हर सोडून इतर सर्व संगणकांसाठी बाहेर जाणारे पोर्ट ५३ आणि ८५३ (साध्या व एन्क्रिप्ट केलेल्या डीएनएसच्या वाटा) बंद आहेत ना, ते पाहा. एचटीटीपीएसमधून जाणारे डीएनएस ४४३ वरून जाते, त्यामुळे ते याने थांबत नाही. त्यासाठी माहीत असलेल्या सार्वजनिक रिझॉल्व्हरांची (नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरांची) यादी अडवावी लागते, आणि ती यादी कधीच पूर्ण नसते.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. व्यवस्थापनाशी बोलून संगणक नेटवर्कमधून काढला आहे, मेमरीची आणि डिस्कची प्रत घेतली आहे आणि सर्ट-इनला कळवले आहे. केबल काढल्यानंतरही सिसमॉनमध्ये अयशस्वी क्वेरींची नोंद होत आहे. प्रोग्रॅम प्लॉटरच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला अपडेटर असल्यासारखा दिसतो, परंतु त्या फोल्डरमधील इतर फाइलींवर असलेली डिजिटल सही या एकाच फाइलवर नाही. केबल काढण्यापूर्वी पकडलेली टीएक्सटी उत्तरे पाहिली तर जवळजवळ सगळी एकसारखी आणि आखूड आहेत. एक उत्तर मात्र बरेच लांब होते, आणि त्यानंतर काही काळ क्वेरी सेकंदाला अनेक या गतीने गेल्या व मग पुन्हा पंधरा मिनिटांवर आल्या. चाकणच्या फॉरवर्डरवर लॉग चालू केल्यावर तेच डोमेन विचारणारा स्टोअरमधील एक संगणक सापडला असून त्याचीही केबल काढली आहे.

त्या वेगवान टप्प्यातील सबडोमेन क्रमाने जोडून हेक्समधून बाइटमध्ये आणली आहेत. प्रत्येक नावातील पहिले दोन बाइट एकेकाने वाढत जातात, तेव्हा तो क्रमांक असावा. ते वगळून उरलेल्या मजकुरात वाचता येण्याजोगे काहीही नाही आणि सुरुवातीला जीझिपची (फाइल लहान करण्याच्या एका पद्धतीची) खूण असलेले १एफ ८बी हे बाइटही नाहीत. मजकूर केवळ एखाद्या लहान किल्लीने एक्सऑर केलेला (किल्लीशी बिट-बिट जुळवून बदललेला, सहज उलगडणारा) आहे की खरोखर एन्क्रिप्ट केलेला आहे, हे मेमरीच्या प्रतीत किल्ली शोधण्याआधी ठरवण्याची काही रीत कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावी. किती बाइट गेले ते आता माझ्याजवळ आहे. काय गेले ते ग्राहकाला सांगावे लागणार आहे.